रोझीचे कान

"तिचे कान गेले," मार्था म्हणाली.

बॅप्टिस्ट केळफूल सोलत बसला होता. "कोणाचे?"

"रोझीचे. सकाळपासून दहा हाका मारल्या, जवळ आली नाही. काल बोंबील हुंगला आणि बाजूला झाली. अकरा वर्षांत असं कधी केलंय तिने?"

"नसेल भूक."

"मांजर खायचं सोडतं ते दुखतं म्हणून. तुम्हाला नाही कळायचं."

बॅप्टिस्टच्या हातातली सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली.

मांडीचं हाड मोडल्यामुळे मार्था अडीच महिने विरारला मुलीकडे, नॅन्सीकडे होती. निर्मळच्या घरी येऊन तिला आठच दिवस झाले होते. साखरेमुळे तिची नजर आधीच अधू झाली होती. समोर कोण आलं ते ती आवाजावरून ओळखायची. मांजर मात्र मांडीवर यावं लागे, आणि ते येत नव्हतं.

ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना तिने नवऱ्याला एकच गोष्ट सांगितली होती. "माझं काय व्हायचं ते होईल. रोझीला बघा." नंतर रोज फोनवर पहिला प्रश्न तोच. रोझी जेवली का? बॅप्टिस्टचं उत्तरही तेच. जेवली.

"आजच न्या डॉक्टरकडे."

"साधंच काहीतरी असेल."

"माझा पाय मोडला तेव्हापण तुम्ही मुका मार म्हणाला होता."

त्याने मांजर भाजीच्या टोपलीत घातलं, वरून गोणपाट बांधलं आणि स्कूटर काढली.

डॉक्टर क्षितिजाने मांजर टेबलावर घेतलं. पोट दाबलं, दात बघितले, ताप बघितला. पाठीमागून किल्ल्या वाजवल्या. मांजराने लगेच मान वळवली.

"कान उत्तम आहेत, काका. केस चमकतायत, वजन चांगलं आहे. हिला काही झालेलं नाही." मग तिने कॉम्प्युटरवर नाव शोधलं. "रोझी. वय अकरा. पण हिला तर मीच..."

"हो," बॅप्टिस्ट म्हणाला. "ती गेली. याच टेबलावर."

दीड महिना झाला होता. रोझी तेव्हा वाटीमागून वाटी पाणी प्यायची. अंग चाटायचं तिने सोडलं होतं, केसांच्या गुठळ्या झाल्या होत्या. तांदळाच्या पिंपामागे जाऊन बसायची. मार्था घरात नाही म्हणून रुसली असेल, असं बॅप्टिस्टला वाटलं. चार दिवस ताटलीतली मासळी तशीच राहिली, तेव्हा पाचव्या दिवशी तो तिला इथे घेऊन आला. मूत्रपिंडं निकामी झाली होती. मांजर दुखणं दाखवत नाही, लपून बसतं, पुष्कळांना उशिराच कळतं, असं डॉक्टरने तेव्हा सांगितलं होतं. त्याने तिला वाडीत केळीखाली पुरलं. त्या संध्याकाळीही तो फोनवर जेवली म्हणाला.

"आणि ही?"

"पुतण्याच्या कारखान्यातली. सातिवलीला. तसाच पांढरा रंग, तसाच एक कान पिवळा. गोरखपूरकडच्या कामगारांनी वाढवलीय, चहा-बिस्किटावर. म्हणून बोंबील नको तिला."

"काकूंना सांगून टाका ना."

"चाळीस वर्षांत तिने माझ्यावर एकच काम सोपवलं, डॉक्टर." तो टोपलीकडे बघत राहिला. "असं काहीतरी द्या, की पंधरा दिवसांत कान बरे होतील."

"खोटं औषध मी देत नाही."

तो उठला नाही. थोड्या वेळाने तिने एक लहान बाटली पुढे ठेवली. "कान पुसायचं पाणी आहे. धडधाकट मांजरालाही चालतं. घरी काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा."

घरी त्याने सांगितलं, कानात मळ साचलाय, पंधरा दिवस थेंब घालायचेत. भूकही हळूहळू येईल.

मार्थाने बाटली हातात घेऊन हुंगली. "बरं झालं, वेळेवर नेलंत," ती म्हणाली.

बॅप्टिस्ट वाडीत निघून गेला.

मग रोज सकाळी तो मांजराचे कान पुसायचा आणि ओरखडे घेऊन यायचा. दुपारी तिला वाडीत नेऊन समोर बसवायचा, हातात सुका बोंबील धरायचा आणि रोझी, रोझी म्हणायचा. मांजर केळीच्या पानांकडे बघत बसे.

रविवारी पुतण्या, जेन्सन, काकीला भेटायला आला. बॅप्टिस्टने त्याला दारातच दटावलं, की एक शब्द बोलायचा नाही. मग तो स्वतः चर्चमध्ये मिस्साला गेला. परत आला तेव्हा दोघं नॅन्सीच्या नव्या फ्लॅटबद्दल बोलत होते.

बाराव्या दिवशी तो चिखलाच्या पायांनी वाडीतून आला, तर मांजर स्वयंपाकघरात बसलेल्या मार्थाच्या मांडीवर झोपलेलं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"थेंबांनी गुण आला," मार्था म्हणाली. "हाक मारली की येते आता. डॉक्टरीण हुशार आहे."

"आणि खाणं?"

"खाते की. तुम्ही नीट सांभाळलंत हो हिला. मी उगाच बोलले."

दोन महिन्यांत पहिल्यांदाच बॅप्टिस्टच्या छातीवरचं ओझं उतरलं. पाय धुवायला तो मागच्या नळावर गेला. मांजरही मांडीवरून उतरून त्याच्यामागे आलं.

त्याने नळ बंद केला, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून मार्थाचा आवाज आला. अगदी हळू. मांजराने कान टवकारले आणि ते धावत आत गेलं. उभ्या संसारात मार्थाला हिंदी बोलताना त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"आजा बेटा, आजा. ये ले बिस्कुट. और बुड्ढे को बोलने का नहीं, हां."