रिकाम्या पुलावरचा भार

काळाचौकीजवळच्या आमच्या जुन्या पुलासाठी अभियंता म्हणून मी चार वर्षांत नऊ अहवाल पाठवले. नव्या पुलाचा खर्च कोणी उचलायचा, हे दोन कार्यालयांना अजून ठरवता आलेले नाही. सह्या करणाऱ्यांपैकी एकही जण या पुलावरून जात नाही. विसर्जनाची मिरवणूक मात्र ढोल थांबवून, न नाचता पूल ओलांडते. आपल्या जिवाची तरतूद लोकांनीच करून ठेवली आहे.

अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, पूल दोन्ही बाजूंनी बंद करून मी तुळईखाली वाक मोजणारे यंत्र लावले. वर कोणीही नव्हते. काटा अठरा मिलिमीटरवर गेला. इतके वाकण्यासाठी पुलावर दोन हजार माणसे उभी असावी लागतात.

मी यंत्र बदलले. पुन्हा अठरा. आता काटा तालात थरथरत होता.

शेजारी उभ्या असलेल्या उन्मेषची, गणेश मंडळातल्या ढोलवाल्याची, बोटे नकळत खांबावर वाजू लागली. "साहेब, हा तर आमचाच ठेका. पण पुलावर आम्ही वाजवत नाही हो!"

मी निधी अडवून बसलेल्या अधिकाऱ्यांना फोन लावला. ते हसले. "रिकामा पूल वाकतो असं लिहून कोटी मागू? यंत्र तपासा तुमचं."

तेवढ्यात काटा शून्यावर आला. माणसे चालत उतरली, तर तो हळूहळू उतरतो. हा एका क्षणात उतरला, सगळा भार एकदम खाली गेल्यासारखा.

"शून्य," मी म्हणालो.

"बघा, ठणठणीत आहे पूल!" ते म्हणाले. "मिरवणुकीला वाजतगाजत जायची परवानगी देतो."