गडूतलं पाणी

मालनने लेकीच्या, ओवीच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवली आणि हात काढायच्या आत ती गरम झाली. ही विसावी घडी होती. वीज सकाळपासून गेलेली, आणि रुग्णवाहिका घाटात अडकलेली.

"नवं पाणी ताप ओढत नाही गं," दिगंबर म्हणाला.

सात वर्षांपूर्वी हे पाणी नळाला आलं, तेव्हा दोघांनाही केवढं कौतुक! जराशा आचेवर उकळायचं, गॅस वाचायचा. जराशा उष्णतेने तापणारं पाणी जराशीच उष्णता पोटात घेतं, हे तेव्हा कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

थर्मामीटरवर एकशे पाच दिसले, तशी मालन देवघरातून गंगेचा गडू घेऊन आली. तिच्या सासऱ्यांनी वीस वर्षांपूर्वी काशीहून आणलेला.

"अगं, ते शेवटच्या वेळी तोंडात घालायचं!"

"जुनं पाणी आहे ना, अहो?" तिने बत्त्याने गडूचं बंद तोंड फोडलं.

वाटीभर निघालं. घडी कितीतरी वेळ गार राहिली. ओवीने डोळे उघडले. "आई, बरं वाटतंय."

पण घडी बुडवून बुडवून वाटीही कोमट झाली, आणि ताप पुन्हा चढू लागला. दिगंबरने वाटी नव्या पाण्याच्या परातीत ठेवली. परात लगेच कोमट झाली, वाटी होती तशीच राहिली.

दोघं वाटीवर वर्तमानपत्राने वारा घालत बसली. जुनं पाणी सावकाश तापलं होतं. आता ते तितक्याच सावकाश निवत होतं.