धुतलेलं इंजिन

व्हर्नाने बॉनेट उघडलं आणि इंजिनाला पालथा हात लावून पाहिला. गार होतं. गाडी दोन दिवसांत शेडमधून हललीच नव्हती, गार असणारच. पण पर्थहून लेकीने फोनवर एकेक पायरी सांगितली होती आणि पहिली तीच होती. तापलेल्या इंजिनावर पाणी नाही.

तिने सगळं चर्चच्या पत्रकामागे लिहून घेतलं होतं. आधी बॅटरीची काळी वायर काढायची. मग अल्टरनेटर, फ्यूजचा डबा आणि हवा आत जाते ते तोंड झाकायचं. पावाच्या रिकाम्या पिशव्या तिच्याकडे ढीगभर होत्या; एकटीला एक पाव आठवडा पुरतो, तरी पिशव्या साठतातच. रबर लावून तिने त्या घट्ट बांधल्या. तेलकट मळ काढायचं औषध फवारलं, दहा मिनिटं थांबली, मऊ ब्रशाने कानेकोपरे घासले. मग नळीची नुसती धार सोडली, तीही बारीक. फेब्रुवारीच्या ऐन उन्हाळ्यात टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी असं ओतताना तिचा जीव खालीवर होत होता.

चाळीस वर्षं ती या गाडीत आणि हिच्या आधीच्या गाडीत बसली. बॉनेट उघडायचं काम नवऱ्याचं, आल्विनचं. आत एवढं काही असतं हे तिला आजच कळलं.

पिशव्या काढून, फडक्याने पुसून, पाला उडवायच्या यंत्राने वारा घालून तिने सगळं कोरडं केलं. वायर जोडून किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. व्हर्नाने डोळे मिटले आणि ओठातल्या ओठात देवाचे आभार मानले.

या महिन्याच्या शेवटी ती लेकीकडे राहायला जाणार होती. तिथे दुसरी गाडी ठेवायला जागा नव्हती. आज गाडी बघायला येणाऱ्या ब्रॉडीने ती घेतली तर ती इथेच राहील, याच रस्त्यांवर फिरेल. नाही घेतली, तर पुढच्या शनिवारी भंगारवाला येणार होता. तो सुटे भाग काढतो आणि उरलेला सांगाडा दाबून टाकतो.

ब्रॉडी तीन वाजता आला. गव्हाच्या कोठारावर काम करणारा, पंचविशीतला, कानापर्यंत उन्हाने भाजलेला. अकरा दिवसांत फाटकातून आत आलेलं ते पहिलं माणूस होतं. व्हर्नाने चहाचं विचारलं. नंतर घेतो म्हणाला, आणि थेट बॉनेटकडे गेला. ते वर करून तो जरा वेळ नुसता बघत राहिला.

"एवढी स्वच्छ तर आमच्या घरची ताटंसुद्धा नसतात, व्हर्ना."

ती हसली. तो हसला नव्हता. गुडघ्यावर बसून त्याने खालून पाहिलं, एका नळीवरून बोट फिरवलं आणि ते बोट उन्हात धरलं. बोट कोरं होतं.

मग त्याने हळू आवाजात समजावलं. इकडे इंजिन कोणी धूत नाही. आतली तांबडी धूळ तशीच ठेवतात. तेल कुठे झिरपत असलं तर तिथली धूळ काळी पडते, घेणाऱ्याला एका नजरेत कळतं. विकायच्या दिवशी इंजिन धुतलेलं दिसलं, की गळती लपवली असं समजून लोक फाटकातूनच परत जातात.

व्हर्नाच्या हातात अजून ओलं फडकं होतं. तिने त्याची घडी घातली, मोडली, परत घातली.

"पाहुणे यायचे म्हणून घर आवरतो ना," ती म्हणाली, "मला वाटलं तसंच."

ब्रॉडीने टोपी काढली आणि पुन्हा घातली. तिच्यावर त्याचा विश्वास होता, तसं त्याने दोनदा सांगितलं. पण त्याच्या बायकोला, टेलाला, आठवा महिना लागला होता, हॉस्पिटल दीडशे किलोमीटरवर, आणि मधे तासभर फोनसुद्धा लागत नाही. इथे विश्वासावर भागणार नव्हतं.

"असं करा," तो म्हणाला. "आठवडाभर चालवा. रोज थोडी, कच्च्या रस्त्याने. धुळीने भरली की मी शुक्रवारी येऊन बघतो. काळं काही दिसलं नाही तर गाडी माझी."

"चालवू कुठे?"

"म्हणजे काय? नेहमी जाता तिथेच."

बोलता बोलता तो स्वतःच्या गाडीत बसलासुद्धा. चहा शुक्रवारी नक्की, असं खिडकीतून ओरडला. तो गेल्यावर तिने मांडून ठेवलेले दोन्ही कप उचलून कपाटात ठेवले.

चार वाजता ती निघाली. सफाईत मागे सारलेली सीट पुढे ओढावी लागली. फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचे सहा किलोमीटर कच्चेच होते. तिने काचा वर केल्या आणि सावकाश गेली. आल्विन होता तोवर बुधवारी क्लब असे, शुक्रवारी त्याचं डायलिसिस. क्लबला कुलूप लागून वर्ष झालं होतं. पाद्री महिन्यातून एकदाच येतो, तो रविवार मागेच होऊन गेला होता.

रस्ता संपला तिथे ती थांबली. उजवीकडे कोठारं, डावीकडे मिठाचं तळं, दोन्हीकडे लांबवर काहीच येत नव्हतं. तिने वळायचा उजवा दिवा लावला. थोड्या वेळाने तो बंद करून डावा लावला.

मग सवयीने आरशात पाहिलं, कोणाचा खोळंबा तर होत नाही ना.