दोघांपुरता कॉम्प्युटर

“एडिटिंगला मेमरी जास्त लागते, गेमिंगला ग्राफिक्स कार्ड,” दुकानदार म्हणाला. “वहिनी, दोन्हीतलं एक काय ते ठरवा.”

“दोन्ही,” ती म्हणाली.

मास्तरांनी चमकून बायकोकडे पाहिलं. ती लग्नांचे व्हिडिओ कापून-जोडून द्यायची, तेव्हा एडिटिंगचं समजण्यासारखं होतं. पण गेमिंग? मास्तर शाळेत व्याकरण शिकवत. पडद्यावर त्यांनी लग्नानंतर पत्त्यांखेरीज काही खेळलं नव्हतं, आणि त्यातही ते हरत.

“गेम कशाला?”

“असू दे. खेळायचं झालं तर अडकत अडकत नको.”

मास्तरांना एकदम आठवलं. लग्नाआधी एकदा ते मोटारसायकलच्या गेमवर तासभर बसले होते आणि ती त्यांची पिशवी सांभाळत मागे उभी राहिली होती. म्हणजे तिच्या लक्षात होतं!

“मी शिकेन,” मास्तर म्हणाले.

“सर, या वयात?” दुकानदार हसला.

“या वयातच गरज पडते.”

तिने पर्समधून सुट्या भागांची यादी काढली. पण नाही म्हणाली नाही, हेही थोडंथोडकं नव्हतं.

त्यांचा संसार भांडणाच्या पलीकडे गेला होता. भांडायलासुद्धा समोरासमोर बसावं लागतं. घरात आता बोलणं उरलं होतं ते किल्ली, गॅस आणि ‘दिवा बंद कर’ एवढ्यापुरतं. अशात एका संध्याकाळी ती म्हणाली होती, “कॉम्प्युटर जुळवायचाय. सुटे भाग आणून. मदत करशील?” मास्तरांनी तपासत असलेला परीक्षेचा पेपर तसाच ठेवला. विद्यार्थ्याने ‘पाणी’तला ‘णी’ ऱ्हस्व लिहिला होता, तो त्या दिवशी बरोबर ठरला.

तेव्हापासून मास्तरांनी सगळी भिस्त त्या कॉम्प्युटरवर ठेवली होती. तो जुळला तर घर जुळेल. नाही जुळला तर धरायला दुसरं काही नव्हतं.

पैसे तिचे, अक्कल दुकानदाराची आणि पिशव्या मास्तरांच्या, असं काम सुरू झालं. मास्तर रोज नवं काही शिकत. हा प्रोसेसर त्या मदरबोर्डवर बसत नाही. ते कार्ड या कॅबिनेटमध्ये मावत नाही. लिंग-वचन जुळल्याशिवाय इथेही वाक्य होत नाही, हे कळल्यावर त्यांना जरा घरच्यासारखं वाटलं.

“कॉम्प्युटरने कधी संसार जुळतात होय रे?” ताईने फोनवर विचारलं. थोरली बहीण, तिला सगळं ठाऊक होतं.

“ताई, निदान एका टेबलाशी बसतोय.”

“बोलते का तुझ्याशी?”

“परवा म्हणाली, पॉवर सप्लाय कमी पडेल.”

“अरे देवा. आणि?”

“आणि काय? खरंच कमी पडला असता.”

ताईने सुस्कारा सोडला. “तू ना, वेडाच आहेस. जेवतोस का वेळेवर?”

बायकोची वाक्यं तुटक असत. ‘दोन पडदे लागतील.’ ‘खुर्च्या चांगल्या हव्यात.’ ‘कमी आवाज करणारा पंखा बघ, झोपमोड नको.’ कोणाला लागतील, कोणाला हव्यात, कोणाची झोप, ते ती सांगत नसे. मास्तरांचा जन्म रिकाम्या जागा भरण्यात गेलेला. ते प्रत्येक ठिकाणी ‘आपण’ भरून घेत आणि स्वतःला पैकीच्या पैकी गुण देत.

रविवारी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून जुळणी सुरू झाली. ती स्क्रू पिळायची, मास्तर टॉर्च धरायचे.

“इकडे धर.”

“धरलाय.”

“माझ्या डोळ्यांत धरलायस.”

“चुकलं.” बऱ्याच दिवसांनी त्यांनी तिचे डोळे नीट पाहिले होते.

प्रोसेसर बसवताना दोघांनी श्वास रोखला. मेमरीच्या पट्ट्या खट् करून बसल्या. शेवटी तिने बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. पडदा मात्र काळाच राहिला.

“गेलं,” ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. “सगळं फुकट गेलं.”

मास्तर टेबलाखाली शिरले. सगळ्या वायरी चाचपल्या. मग कॅबिनेटच्या मागे वाकले आणि तसेच थांबले. पडद्याची वायर ग्राफिक्स कार्डात जायला हवी होती, ती मदरबोर्डच्या भोकात खोचली गेली होती. एवढं मोठं कार्ड नुसतं बसून होतं. घरात असून त्याला कोणी विचारत नव्हतं. मास्तरांना त्याची कणव आली. त्यांनी वायर काढून कार्डात लावली.

पडदा उजळला.

“अरे!” ती उठून उभी राहिली. हसली. मोकळं, पूर्वीसारखं. तिने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. “तू नसतास तर झालंच नसतं रे हे.”

मास्तरांनी हात चादरीला पुसले, परत पुसले.

“आपण टेबल खिडकीपाशी घेऊ,” ते म्हणाले. “दोन खुर्च्या शेजारी शेजारी. तू एडिटिंग कर, मी बघत बसेन. मग गेम. मला हरवलंस तरी चालेल.”

तिने खांद्यावरचा हात हळूच काढून घेतला.

“शनिवारी घरी असशील ना?” ती म्हणाली. “आम्ही दोघं हा न्यायला येऊ तेव्हा.”