सुतातल्या खुर्च्या

सत्कार दहाला होता, म्हणजे गावच्या घड्याळात साडेअकराला. समितीचे अध्यक्ष यशवंतराव बोबडे अकराला मांडवात शिरले, तेव्हा बनियनवरचा एक म्हातारा सुतळी ताणून खुर्च्या लावत होता.

"आटपा काका, निवृत्त जनरलसाहेब येतायत," यशवंतराव खेकसले. "तो फलकही वाकडा आहे."

"अहो, मी..."

"ते नंतर."

म्हातारा निमूट शिडीवर चढला. फलकावर तीस वर्षांपूर्वीचे जनरल काळ्याभोर मिशा आणि पदकांसह रुबाबात बघत होते. त्यांना त्यानं सरळ केलं.

साडेबारा वाजले. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं तयार होतं. जनरलांचाच पत्ता नव्हता. म्हातारा आता बँडवाल्यांना उंचीप्रमाणे उभं करत होता. यशवंतरावांनी धास्तावून जनरलांच्या घरी फोन लावला.

"हे तर साडेनऊलाच निघाले," जनरलांच्या पत्नी म्हणाल्या.

"इथं तर आलेच नाहीत हो वहिनी."

"खुर्च्या सरळ रांगेत आहेत?"

"अगदी सुतात. का?"

"मग लावणाऱ्याला फेटा बांधा. आणि आधी काहीतरी खायला द्या, उपाशीच गेलेत."