पितळी रिळाचा कारागीर

"त्यांनीच केलं हे," रंभाबाई म्हणाल्या आणि त्यांनी ते पितळी रीळ पदराने पुसलं.

नंदकुमारने मोबाइल आणखी जवळ सरकवला. रेकॉर्डिंग चालू होतं. मासेमारीच्या गळाची रिळं बनवणारे देशभरातले छोटे कारागीर हुडकून त्यांच्यावर तो पुस्तक लिहीत होता. दोऱ्याला पिसांची खोटी माशी बांधून तापीत महाशीर मासा धरणाऱ्या जुन्या शौकिनांकडे त्याला अशी काही रिळं सापडली होती. मागे नुसतं 'बऱ्हाणपूर' कोरलेलं. कारागिराच्या नावाचा पत्ता नाही. विचारत विचारत तो पुण्याहून बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या या घरी येऊन पोचला होता. पंडितरावांचं लेथचं दुकान गावात सगळ्यांना आठवत होतं. रिळं तिथलीच, असं लोक सांगत. एरवी तिथे पॉवरलूमचे सुटे भाग व्हायचे आणि काम करणारी माणसं दोनच. एक मालक पंडितराव. दुसरा बहादरपूरहून सायकलने येणारा शालिग्राम, ना नात्याचा ना गोत्याचा, नुसता कामाचा. दोघंही आता हयात नाहीत. सांगणारं माणूस एकच उरलं होतं, पंडितरावांची बायको रंभाबाई.

"त्यांनी म्हणजे बाबांनी," संदीपने मोबाइलकडे तोंड करून खुलासा केला. रंभाबाईंचा हा एकुलता एक मुलगा. त्याचा उत्साह नुसता उतू चालला होता. पुस्तकात वडिलांचं नाव येणार म्हणून त्याने आधीच पेढे वाटले होते. शनवाऱ्यातल्या आपल्या दुकानासाठी 'पंडित रील वर्क्स' अशी पाटीही रंगवायला टाकली होती. खरं तर वडिलांशी त्याचं कधी धड पटलं नाही. ते गेल्यावर निदान अभिमान धरावा असं काहीतरी हाती लागलं होतं, आणि ते सोडायची त्याची बिलकुल तयारी नव्हती.

"काकू, याची मूठ डावीकडे का? बाकी रिळांची तर उजवीकडे असते," नंदकुमारने विचारलं.

"ते डावरे होते ना भाऊ. आपल्या हातानं फिरवून पाहात, तशीच बसवत."

संदीप गडबडला. "माय, बाबा कुठे डावरे होते वो? मले तर उजव्या हाताची थप्पड याद आहे."

चहा घेऊन आलेली त्याची बायको ज्योती फिसकन हसली. रंभाबाई हसल्या नाहीत.

"काम करता करता गाणं म्हणत," त्या पुढे म्हणाल्या. "पितळ घासायचा आवाज अन् गाणं, दोन्ही संगच चालत."

"बाबा? गाणं?" संदीपला काही सुधरेना. शेजारचा रेडिओ जरा मोठा झाला तरी भांडायला जाणारा माणूस तो. आई भलत्याच कुणाबद्दल बोलत असल्यासारखं त्याला वाटू लागलं. त्याने नंदकुमारला हळूच खूण केली, वय झालंय, घोळ होतो तिचा. नंदकुमारचाही गोंधळ उडाला होता. पंडितराव फार तापट होते असं सकाळपासून गावात जो तो त्याला सांगत होता.

"काकू, पुस्तकात छापायचं म्हणजे तुमच्या तोंडून नाव हवं. एकदाच सांगा, कोणी बनवलं हे?"

रंभाबाईंनी रीळ मांडीवर ठेवलं.

"त्या कशा सांगतील साहेब?" ज्योती म्हणाली. "आमच्याकडे जुन्या बाया नवऱ्याचं नाव नाही घेत. दवाखान्यात पण मलेच सांगावं लागे. माय, उखाण्यात घेऊन टाका. चालून जाईल."

"घे ना माय. बस एक बार," संदीप गयावया करू लागला. "मग पाटी पण लागून जाईल."

"कायची पाटी?"

संदीपने पाटीचं सांगितलं. पिवळ्यावर लाल अक्षरं, बाजूला बाबांचा फोटो. सांगता सांगता त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला. रंभाबाईंना त्याची फार कीव आली. हो म्हणून टाकावं, असंही क्षणभर त्यांच्या मनात आलं. एवढ्याशा शब्दाने पोराचं समाधान होणार होतं आणि जगात कुणाचं काही बिघडणार नव्हतं. त्यांनी रीळ उचललं, मूठ एकदा फिरवली, त्याची किरकिर संपेपर्यंत ऐकली.

"पंडित," त्या म्हणाल्या.

उखाणा नाही, आढेवेढे नाहीत. ज्योतीचा हात तोंडावर गेला.

"पंडित माझ्या नवऱ्याचं नाव. घेतलं, पाहा. जीभ नाही झडली माझी."

"झालं!" संदीपने मांडीवर थाप मारली. "लिहा साहेब, लिहा."

"नका लिहू, भाऊ. संदीपच्या बापानं हे नाही केलं. त्यानं तर याले कधी हातही नाही लावला."

संदीप आईकडे बघतच राहिला. त्याची पाटी, पेढे, बाप, सगळं एकदम हातचं चाललं होतं.

"मग कोणी केलं? दुकानात दुसरं होतं कोण?" त्याचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "शालिग्राम?"

"शालिग्राम का, काकू?" नंदकुमारने हळूच विचारलं. नवऱ्याचं नाव या बाईने सहज घेतलं होतं. आता अडचण कसली असणार, असं त्याला वाटलं. "तेवढं नाव तुमच्या तोंडून येऊ द्या, म्हणजे माझं काम झालं."

रंभाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली.

"त्यांचं नाव मी कसं घेऊ, भाऊ?"