सीलबंद अस्वल

“वहिनी, हाही फोडलाय,” पारखी म्हणाला आणि त्याने खोका टेबलावर असा टाकला, जणू त्याला वास येत होता.

सकाळपासूनचा हा सतरावा. घड्याळजी जाऊन दोन महिने झाले होते. त्याची बायको आता बहिणीकडे राहायला जाणार होती. नवऱ्याने जमवलेली चावीची खेळणी कुणा जाणत्याकडे जावीत, म्हणून तिने त्याच्या या जुन्या मित्राला बोलावलं होतं. संग्राहकांच्या मंडळात त्याला पारखी म्हणत. निम्मे कौतुकाने, निम्मे वैतागून. त्याने आल्या आल्या कापडी हातमोजे चढवले आणि खिडकीकडे बघून नाक मुरडलं होतं.

“थेट ऊन येतं कपाटावर. रंग उडणार नाही तर काय? ओल शोषणाऱ्या पुड्या नाहीत, खोक्यावर खोके रचलेत. माझ्या खोलीचे पडदे पंचवीस वर्षं ओढलेले आहेत. प्रत्येक खोका वेगळ्या पिशवीत. हे हौशी लोकांचं काम नव्हे.”

खोके समोरून कोरे करकरीत दिसत. उलटे केले की मात्र तळाची पट्टी ब्लेडने कापून पुन्हा चिकटवलेली. आत खेळण्याला ताज्या तेलाचा वास.

“स्प्रिंग नुसती बसून राहिली की मरते, असं हे म्हणायचे,” ती म्हणाली.

“शेवटी घड्याळं दुरुस्त करणारा. टिकटिक ऐकल्याशिवाय त्याला चैन कुठलं पडायला?” पारखी हसला. “उघडलेला खोका म्हणजे रद्दी, वहिनी. ही सगळी रद्दी आहे. माझं अस्वल तेवढं दाखवा, मग मी निघतो.”

तिने कपाटातून ढोल वाजवणारं अस्वल आणलं. खोका हातात घेताना पारखीचा आवाज जरा मऊ झाला.

“वीस वर्षं झाली. त्याच्या दोन आगगाड्या घेतल्या आणि बदल्यात हे दिलं. त्याआधी अकरा वर्षं माझ्याकडे होतं. मी स्वतःसुद्धा कधी उघडलं नाही. कारखान्यातून निघालं तसंच त्याच्या हातात ठेवलं.”

त्याने खोका उलटा केला. पट्टी सुटलेली होती.

“याचीही वाट लावली त्याने. आणि हा स्वतःला माझा मित्र म्हणवायचा.”

इतका वेळ ती ऐकून घेत होती. आता खुर्ची ओढून समोर बसली.

“भाऊजी, बाकीचे ह्यांनी उघडले, कबूल. हा नाही.”

“मग कुणी, उंदरांनी?”

“तुमच्याकडून आला तोच उघडलेला. पट्टीला मुलं वापरतात तो डिंक होता. घरी आणला आणि दुसऱ्याच दिवशी ती सुटली. तोवर ह्यांनी एका खोक्याला हात लावला नव्हता. तेव्हा हेही तुमचेच चेले ना.”

“काहीतरी बोलू नका. अकरा वर्षं माझ्या घरात होतं ते. मला दिसलं नसतं?”

“तेच हे म्हणायचे. एवढा मोठा पारखी, आणि ह्याला दिसलं कसं नाही.”

पारखीचे कान लाल झाले. “आणि वीस वर्षं गप्प बसला? तो? भर मंडळात माझी फजिती करायची सोन्यासारखी संधी सोडली त्याने?”

“त्यांना तसं बजावलेलं होतं,” ती म्हणाली. तिने अस्वलाच्या मागे बोटं घालून एक घडी केलेला कागद काढला आणि त्याच्यापुढे ठेवला.

गणिताच्या वहीचं पान होतं. पेन्सिलीची अक्षरं चौकटीत मावत नव्हती. ते अक्षर पारखीने लगेच ओळखलं. दुसरीत असताना त्याची मुलगी असंच लिहायची. आता ती महिन्यातून एकदा फोन करते, तब्येत विचारते आणि ठेवून देते.

त्याने वाचलं:

‘अस्वल ज्यांच्याकडे जाईल त्यांना. याला रोज शाळा सुटल्यावर बाहेर काढावे. पाच मिनिटे तरी. त्याला सवय आहे. कृपया बाबांना सांगू नये.’